रेघेचा दगड

चितेभोवती पाण्याचं मडकं खांद्यावर घेऊन फिरायचं असतं आणि ते मडकं फोडायला दगड लागतो. बाबांच्या वेळी अख्ख्या स्मशानात दगड सापडेना. सगळीकडे नवे पेव्हर ब्लॉक बसवलेले, झाडांच्या बुंध्यांशीसुद्धा सिमेंटचे गोल कट्टे. काका फाटकापर्यंत जाऊन आले. गाड्या लावतात तिकडे चाळीतले दोघं वाकून वाकून बघून आले. गुरुजींची चुळबुळ सुरू झाली, कारण आमच्यामागे दुसऱ्या घरची माणसं थांबली होती. शेवटी काका माझ्याकडे वळून म्हणाले, "अरे, तू दगडवालो ना? तुझ्याकडे आसतलोच."

होता. हॉस्पिटलात घेऊन फिरत होतो ती पिशवी अजून माझ्या खांद्याला होती आणि तिच्या तळाशी, रिपोर्टांच्या खाली, एक दगड होता. मुठीएवढा, करडा, मधोमध पांढऱ्या गारेची रेघ असलेला. मी तो काढून गुरुजींच्या हातात दिला. त्यांनी उलटसुलट करून बघितला आणि "छान आहे" म्हणाले. माझ्या दगडाला इतक्या चटकन कुणी छान म्हटल्याचं मला आठवत नाही. त्या वेळी माझ्या मनात एवढंच आलं. दुसरं काहीही नाही.

मी शिल्पकार आहे. माझ्या शिल्पांना नाक, डोळे, हात नसतात. एखादा चिरा घेतो, त्याची एकच बाजू सपाट करतो आणि थांबतो. किंवा नदीतले गोटे आणतो आणि ते जसे मिळाले तसे जमिनीवर मांडतो. गोटा असा निवडायचा की त्यात नजर अडकायला काही नको. डाग नको, खाच नको, रेघ तर नकोच. मग दोन गोट्यांमध्ये किती जागा सोडायची यावर मी दिवसचे दिवस घालवतो. कॉलेजात याला मिनिमलिझम म्हणायला शिकवलं. लालबागच्या आमच्या चाळीत याला रिकामटेकडेपणा म्हणतात. त्यात आमची चाळ अशा ठिकाणी, की पावसाळा आला की आजूबाजूच्या मांडवांत दोन मजली गणपती उभे राहायला लागतात. तिथल्या मुलाने शिल्पकार व्हावं आणि मूर्तीच करू नये, हे शेजारपाजारच्या बायकांना अजून पटलेलं नाही. "एक उंदीर तरी करून दाखव," असं मला एकीने जिन्यात थांबवून सांगितलं होतं.

बाबा मिलमध्ये साच्यावर होते. मिल बंद पडली तेव्हा मी शाळेत होतो. पुढे ते हिंदमात्याला साड्यांच्या एका दुकानात लागले. गिऱ्हाइकासमोर उलगडलेल्या साड्यांच्या पुन्हा घड्या घालायच्या, दिवसभर. आधी कापड विणत होते, मग कापडाच्या घड्या घालायला लागले. याबद्दल ते कधी कुरकुरले नाहीत. घरी आल्यावर मात्र आईच्या साडीची घडीसुद्धा ते घालायचे नाहीत, "ड्युटी संपली" म्हणायचे.

माझ्या कामाबद्दल त्यांचा एकच प्रश्न होता आणि तो ते दर वेळी नव्याने विचारायचे. "दगड आदीपासून होतोच. तू काय केलंस?"

त्यात टोमणा नसायचा. ते खरंच विचारायचे. मी कधी म्हणायचो, मी निवडला. कधी म्हणायचो, जागा सोडली. एकदा चिडून म्हणालो, मी त्याला काहीच केलं नाही, तेच तर करायचं असतं. त्यावर त्यांनी मान डोलावली आणि पेपर उघडला.

माझ्या पहिल्या प्रदर्शनाला ते इस्त्रीचा शर्ट घालून, छत्री घेऊन आले होते. सगळीकडे एक फेरी मारली आणि दमून मधल्या चिऱ्यावर बसले. सपाट बाजू वरच होती. गॅलरीचा गार्ड धावत आला. "काका, उठा उठा, हात लावायचा नाही." बाबा घाईघाईने उठले, चिऱ्यावर हात फिरवून धूळ झटकली, त्यामुळे गार्ड आणखीनच घाबरला. मला म्हणाले, "माका वाटला, बसूक ठेवलेलो हा." मग जरा थांबून, हळूच, "बसूक बरो हा पण." त्या चिऱ्याबद्दल पुढे पुष्कळ लिहून आलं. पण मला समजलेलं आणि आठवणारं वाक्य बाबांचं हे एकच.

रेघेचा दगड बाबांचाच. नव्या प्रदर्शनासाठी गोटे हवे होते म्हणून मागच्या उन्हाळ्यात आम्ही गावी गेलो होतो. मी नदीच्या पात्रात वाकून निवडत होतो आणि बाबा पाण्यात पाय सोडून एका खडकावर बसले होते. बसल्या बसल्या हाताला लागतील ते दगड मला द्यायचे. मी बघायचो आणि परत टाकायचो. हा असा नको, तो तसा नको. त्यांनी रेघेचा दगड उचलला, पाण्यात धुतला आणि म्हणाले, "हो दगड घे."

"याला रेघ आहे, बाबा."

"मगे? रेघ हा म्हणानच घे."

वाद नको म्हणून मी तो पिशवीत टाकला. प्रदर्शनात तो चालणार नव्हता, कारण ओळीत ठेवला असता तर लोकांनी बाकीचे सोडून तोच बघितला असता. पण त्यांच्यादेखत टाकताही येईना. मग तो पिशवीतच राहिला. गावाहून मुंबईला आला, मी काम करतो त्या गाळ्यात आला, बँकेत गेला, शेवटी हॉस्पिटलातही गेला. पिशवी खांद्याला रुतायची आणि तरी मी तो काढत नव्हतो.

अग्नी दिल्यानंतर गुरुजींनी तो पांढऱ्या फडक्यात बांधून, वर दर्भ खोचून माझ्या हातात ठेवला. मडकं फोडलेल्या त्या दगडाला जीवखडा म्हणतात. गेलेल्या माणसाचा जीव दहाव्यापर्यंत त्यात असतो, दहाव्याला विधी झाले की तो पाण्यात सोडायचा, मग माणूस मार्गाला लागतो. तोवर तो घरात आणायचा नाही. जुनी माणसं झाडाला बांधून ठेवायची. आमच्या चाळीच्या अंगणात आता झाड नाही, स्कूटर आहेत. आई म्हणाली, "तेंका तुझ्या गाळ्यात ठेव. थंय कोण येना नाय, शांत हा."

परळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये तिसऱ्या मजल्यावर माझा गाळा आहे. मी गेलो, खिडकीच्या कट्ट्यावर जागा केली आणि बाबांना तिथे ठेवलं. खाली टेबलांवर आणि जमिनीवर प्रदर्शनासाठी तयार केलेले गोटे होते. कुलूप लावून परत आलो.

मला काहीच वाटत नव्हतं. हे मी स्वतःबद्दल बढाई म्हणून सांगत नाही आणि माफी म्हणूनही नाही. माणसं यायची, आईजवळ बसून रडायची, मग माझ्याकडे बघायची. आत्या माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणायची, "रड रे बाबा, मोकळो हो." मी तिला विचारायचो, चहात साखर किती. रात्री चटईवर पडलो की झोप लागायची. सकाळी उठून मी ओट्यावरचे चहाचे पेले सारख्या अंतरावर लावून ठेवायचो. आई एकदा बराच वेळ त्या पेल्यांकडे बघत राहिली.

मधल्या दिवसांत गॅलरीच्या बाईंचा फोन आला. उद्घाटन ठरलेलं होतं, आमंत्रणं गेली होती. "आपण पुढे ढकलूया का? तू बोल फक्त," त्या म्हणाल्या. मी म्हणालो, कशाला, दगड तयार आहेत. त्यांनी विचारलं, कुठले कुठले घ्यायचे? मी तेव्हा भिंतीला टेकून बसलो होतो आणि समोर आत्या कुणाला तरी बाबांचं शेवटचं आजारपण पुन्हा पहिल्यापासून सांगत होती. मी म्हणालो, "वॉचमनकडे चावी आहे. आत दगड म्हणून जे दिसेल ते घेऊन जा. मांडायचं कसं ते कागदावर काढून टेबलावर ठेवलंय." खिडकीतल्या दगडाची मला आठवणही झाली नाही.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी आईने आठवण करून दिली. सकाळी लवकर बाणगंगेला जायचं होतं. "आताच तेंका घेवन ये. सकाळची धावपळ नको." मी चालत परळला गेलो. वॉचमन हसून म्हणाला, "सगळं व्यवस्थित नेलं साहेब, एक पण टाकला नाय." मी गाळा उघडला. टेबलं मोकळी होती, जमीन मोकळी होती. खिडकीच्या कट्ट्यावर पांढरं फडकं चौकोनी घडी करून ठेवलं होतं आणि दर्भ त्याच्यावर नीट आडवा ठेवला होता.

चूक त्यांची नव्हतीच. माझ्या गाळ्यात सगळे गोटे उघडे पडलेले आणि एकच फडक्यात बांधून, उंचावर, एकटा ठेवलेला. कुणालाही वाटलं असतं की हाच मुख्य.

गॅलरीत फोन कुणी उचलत नव्हतं. फडकं आणि दर्भ खिशात घालून टॅक्सी पकडली. भायखळ्याच्या पुलावर आईचा फोन आला. "तेंका घेतलंस ना?"

"घेतोय," मी म्हणालो.

"सांभाळून आण."

सकाळी घाटावर गुरुजी पाट मांडतील, तीळ-दर्भ काढतील आणि हात पुढे करतील, तेव्हा मी काय देणार? आईला काय सांगणार? बाबा सापडत नाहीत असं? इतक्या दिवसांत मला पहिल्यांदा काहीतरी वाटलं आणि ती निव्वळ भीती होती. पुढच्या सिग्नलला मी टॅक्सीवाल्यावर उगाचच ओरडलो.

फोर्टात पोचलो तेव्हा उद्घाटन सुरू झालं होतं. माणसं हातात ग्लास घेऊन हळू आवाजात बोलत होती. सुतकात अशा ठिकाणी जायचं नसतं, पण तिथे ते कुणाला कळणार? माझी वाढलेली दाढी आणि चुरगळलेला सदरा बघून दोघातिघांनी कौतुकाने माना हलवल्या. कलाकार शोभत होतो बहुतेक.

जमिनीवर माझे गोटे मी काढून दिल्याप्रमाणे ओळीत होते. जागा बरोबर सोडली होती, सवयीने मी तेही बघितलं. त्यांत रेघेचा दगड नव्हता. ओळ संपत होती तिथून बऱ्याच अंतरावर, समोरच्या भिंतीशी एक पांढरा चौथरा होता आणि त्यावर बाबा होते. वर एकच दिवा. रेघ लखलखत होती. अख्ख्या खोलीतली माणसं फिरून फिरून तिथेच येत होती.

गॅलरीच्या बाई धावत आल्या, माझे दोन्ही हात धरले. "आलास! येणार नाहीस वाटलं. आणि तो शेवटचा! अरे, कागदावर तो नव्हताच. ओळीत ठेवून बघितला, बसेना. मग एकटा ठेवला. बरोबर केलं ना आम्ही?" त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. मला ते विचित्र वाटलं. बाबांसाठी माझ्या डोळ्यांत पाणी नव्हतं आणि त्या बाईंच्या डोळ्यांत, काही ठाऊक नसताना, होतं.

मी चौथऱ्याकडे निघालो. वाटेत त्यांनी मला एका वयस्कर गृहस्थांपुढे उभं केलं. कुणी तरी मोठे जाणकार होते. चश्मा वर करून ते दगड जवळून बघत होते. सभ्यपणे, हसून, त्यांनी विचारलं, "बाकीचं समजलं मला. पण यात तुम्ही नेमकं काय केलंत?"

माझी उत्तरं ठरलेली आहेत. इतकी वर्षं देतोय. त्यातलं एकही इथे चालणारं नव्हतं. मी निवडला नव्हता. मी मांडला नव्हता. मी तर नको म्हणालो होतो.

"मी काही नाही केलं," मी म्हणालो. "हा माझ्या वडिलांनी निवडला."

ते पुढे काहीतरी बोलले, ते मी ऐकलं नाही. मी वाकून दगडाला हात घातला. लगेच माझ्या दंडावर हात पडला. गॅलरीचा गार्ड, नवीन होता, मला ओळखत नव्हता. "साहेब, हात नाय लावायचा."

मी वळून त्याच्याकडे बघितलं. "माझे वडील आहेत," मी म्हणालो. "उद्या दहावा आहे."

त्याला लगेच कळलं. त्या खोलीत तेवढं वाक्य लगेच कळणारा तो एकटाच असावा. त्याने हात काढला, चौथऱ्याभोवतीची दोरी एका बाजूने सोडली आणि माणसांना म्हणाला, "जरा जागा द्या, जरा जागा द्या." मी दगड उचलला, खिशातलं फडकं काढून त्यात गुंडाळला. गॅलरीच्या बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. त्यांना मी सांगितलं की तुमची काही चूक नाही, उद्या फोन करतो. बाहेर येऊन टॅक्सी मिळेपर्यंत मी ते फडकं छातीशी धरून उभा होतो.

आई जिन्याच्या वळणावर येऊन थांबली होती. घरात न्यायचा नव्हता म्हणून मी तिथेच थांबलो. ती म्हणाली, "बघू तेंका." मी फडकं उघडलं. तिने हात लावला नाही, नुसती वाकली.

"रेघेचो," ती म्हणाली. "हो तेंनीच काढलेलो ना नदीतसून?"

मला आश्चर्य वाटलं. "तुला कसं माहीत?"

"माका सांगल्यानी ना. गावसून इले त्याच दिवशी." मग ती बाबांसारखा आवाज काढून, बाबांसारखीच मान तिरकी करून म्हणाली, "झिलाक एक दगड दिलंय. झील तो मांडूचो नाय. पण टाकूचो पण नाय."

झील म्हणजे मी. रात्रभर दगड जिन्यातल्या खिडकीत होता आणि मी दाराबाहेर चटई टाकून पडलो होतो. चाळीतल्या लोकांनी पाय लागणार नाही असं जपून ये-जा केली.

सकाळी बाणगंगेवर न्हाव्याने डोकं केलं. गुरुजी सांगतील तसं मी करत गेलो. पाणी, तीळ, पिंड, पुन्हा पाणी. गुरुजी भरभर बोलत होते, त्यांना पुढचंही एक उरकायचं होतं. मग त्यांनी दगड माझ्या उजव्या हातात दिला. मी गुडघ्याएवढं पाणी असलेल्या पायरीपर्यंत उतरलो.

"सोडा," गुरुजी म्हणाले.

माझी मूठ उघडेना. मी प्रयत्न करत होतो, हे मला स्पष्ट आठवतं. बोटांना सांगत होतो आणि बोटं ऐकत नव्हती. गुरुजींनी पुन्हा सांगितलं. घाटावर कुणीतरी खाकरलं. मला एवढंच कळत होतं की हा मी टाकणार नाही असं बाबांनी आईला सांगून ठेवलंय. माझ्या कामातलं त्यांना काही कळत नाही असं मी धरून चाललो होतो आणि त्यांनी मात्र मला असं नेमकं ओळखलं होतं.

काका पाण्यात उतरले, माझ्या कोपराखाली हात धरला. "सोड रे," ते म्हणाले. "तेंका जावक व्हया."

मी सोडला. पाणी हिरवं होतं, दगड लगेच दिसेनासा झाला, रेघसुद्धा. आणि मग मी रडलो. तिथेच, पाण्यात उभा राहून, मोठ्याने. काका म्हणत होते, झालं, झालं, आता ते सुटले. ते खरं असेल. पण बाबांनी माझ्याबद्दल खात्रीने सांगितलेली ती एकच गोष्ट होती आणि ती मी माझ्या हाताने खोटी पाडली होती.